रसायनशास्त्राचे श्रेय कोणाला?

(रसायनशास्त्राची सुरुवात कोणी केली, या प्रश्नाला निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी उत्तरे आढळतात. ती उत्तरे तपासून पाहताना श्रेय कसे द्यावे, याविषयी लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे.)



सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'रसायनशास्त्राचा जनक कोण?' प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर एका नावाचे. पण गंमत अशी, की ते नाव प्रत्येक पुस्तकात वेगळे असते. एका पुस्तकात जाबिर इब्न हय्यान, दुसऱ्यात रॉबर्ट बॉईल, तर तिसऱ्यात आंत्वान लाव्हाझिए. जाबिर आठव्या शतकातले, बॉईल सतराव्या शतकातले आणि लाव्हाझिए अठराव्या शतकातले. पहिल्या आणि तिसऱ्या नावात सुमारे एक हजार वर्षांचे अंतर आहे. मग यांतले खरे उत्तर कोणते?

या प्रश्नाची उत्तरे देण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली रीत म्हणजे जो आपला वाटतो त्याचे नाव घ्यायचे. दुसरी रीत म्हणजे 'सर्वांनीच हातभार लावला' असे म्हणून मोकळे व्हायचे. मला या दोन्ही रीती पटत नाहीत. पहिलीत अभिमान आहे, पण पुरावा नाही. दुसरीत गोडवा आहे, पण उत्तर नाही. श्रेय द्यायचे असेल तर आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. श्रेय कशाचे? या माणसाने नेमके काय केले, जे त्याच्या आधी झाले नव्हते? हा प्रश्न हातात घेऊन आपण या तिघांकडे आणि त्यांच्या आधीच्या लोकांकडे पाहू.

आधी एका शब्दाची गोष्ट ऐका. अवघड काम चुटकीसरशी झाले, की मराठीत आपण म्हणतो, 'ही तर किमया झाली!' हा 'किमया' शब्द आला कोठून? तुम्ही तो उर्दूत रोज वाचता. उर्दूत रसायनशास्त्राला 'इल्म-ए-कीमिया' म्हणतात. तोच अरबी 'कीमिया' शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'किमया' झाला आणि लॅटिनच्या वाटेने युरोपात जाऊन 'केमिस्ट्री' झाला. तुमचा 'नौशादर' मराठीत 'नवसागर' झाला. 'तेजाब' आणि 'अर्क' हे शब्द तर दोन्ही भाषांत आहेत. वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात गेली, की तिच्याबरोबर तिचे नावही जाते. एवढ्या शब्दांवरूनच एक गोष्ट कळते. हे शास्त्र एका गावात जन्मले आणि तेथेच वाढले, असे झालेले नाही.

माणूस धातू वितळवायला, कापड रंगवायला आणि अत्तर काढायला फार प्राचीन काळी शिकला. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या शहरात मारिया नावाची एक यहुदी स्त्री होऊन गेली. तिचे ग्रंथ आज उरलेले नाहीत, पण तिच्या उपकरणांची वर्णने पुढच्या लेखकांनी लिहून ठेवली आहेत. एका भांड्यातल्या गरम पाण्यात दुसरे भांडे ठेवून पदार्थ मंद आचेवर तापवण्याची रीत युरोपात आजही तिच्या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशातले उदाहरणही असेच आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. जस्त मिळवणे अवघड असते, कारण ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. भट्टी त्याहून जास्त तापलेली असते. म्हणून खनिजातून सुटताच जस्ताची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून तिचे भस्म होते. जावरच्या कारागिरांनी यावर युक्ती काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत ते खनिज भरत, मुशीला नळी जोडून तिचे तोंड खाली करत आणि वरून आच देत. वाफ खाली उतरे, थंड होई आणि जस्त गोळा होई. अशा शेकडो मुशी तेथे सापडल्या आहेत. हे काम निदान सहाशे वर्षांपूर्वी तेथे मोठ्या प्रमाणावर चालू होते. युरोपात विल्यम चॅम्पियन यांनी ब्रिस्टल येथे जस्ताच्या अशाच कृतीचा हक्क नोंदवला, तो १७३८ साली!

मग रसायनशास्त्राचे श्रेय जावरच्या कारागिरांना द्यावे काय? जस्ताचे श्रेय त्यांचेच आहे आणि ते त्यांना मोठ्या मानाने दिले पाहिजे. पण 'कसे करावे' हे माहीत असणे ही कला, तर 'असे का होते' याचे उत्तर शोधून ते तपासून पाहणे हे शास्त्र. कलेशिवाय शास्त्र उभे राहत नाही, हे खरे. पण कला म्हणजे शास्त्र नव्हे. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी हिंदू रसायनाचा इतिहास १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यांना आपल्या देशाचा अभिमान होता. परंतु त्यांनी नुसता अभिमान सांगितला नाही. त्यांनी जुन्या संस्कृत पोथ्या शोधल्या, त्यांतले उतारे छापले आणि वाचकापुढे पुरावा ठेवला. अभिमान असावा तर असा.

आता आपण जाबिर इब्न हय्यान यांच्याकडे वळू. परंपरा असे सांगते, की ते आठव्या शतकात इराकमधील कूफा शहरी राहत होते. त्यांच्या नावावर सुमारे तीन हजार ग्रंथ सांगितले जातात. त्यांतले पुष्कळसे काही पानांचेच आहेत. या ग्रंथांत काय आहे? पदार्थ भट्टीवर तापवून त्याचे अर्क, तेल आणि राख असे भाग वेगळे कसे करावेत, याच्या कृती आहेत. केसांसारख्या प्राणिज पदार्थांपासून नवसागर कसा मिळवावा, हे आहे. सर्व धातू गंधक आणि पारा यांच्या मिश्रणातून बनतात, असा एक सिद्धांतही त्यांत आहे. तो सिद्धांत पुढे चुकीचा ठरला. पण चुकीचा असला तरी तो 'असे का होते' या प्रश्नाला दिलेला जबाब होता. युरोपातले लोकही कित्येक शतके त्याच सिद्धांताच्या आधाराने विचार करत होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, स्वतःच्या हाताने प्रयोग केल्याशिवाय ही विद्या येत नाही, हे या ग्रंथांत पुन्हा पुन्हा बजावले आहे.

त्यांच्यानंतर इराणमधील रय या शहरात अबू बक्र झकरिया राझी झाले. ते इ.स. ८६५ च्या सुमारास जन्मले. ते नामांकित हकीम होते. त्यांनी पदार्थांची प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज अशी वर्गवारी केली. खनिजांचे पुन्हा सहा गट पाडले. भट्ट्या, मुशी, चिमटे, गाळण्या, अर्क काढण्याची भांडी अशा उपकरणांची यादी दिली. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली उपकरणांची यादी भिंतीवर लावलेली असते ना? तशीच ती होती. गूढ भाषा टाळून, दुसऱ्याला तेच काम करता यावे, अशा रीतीने राझी यांनी लिहिले. मला जाबिर यांच्या नावाइतकेच राझी यांचे नाव मोठे वाटते. पण प्रश्नमंजुषेत ते क्वचितच येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जाबिर यांच्याविषयी काही शंका आहेत आणि त्या आजच्या नाहीत. बगदादचे ग्रंथप्रेमी इब्न नदीम यांनी इ.स. ९८७ साली 'अल् फिहरिस्त' हा ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात, की जाबिर नावाचा माणूस झालाच नाही, असे काही विद्वान म्हणतात. इब्न नदीम यांना स्वतःला ते पटले नव्हते. पुढे पॉल क्राउस या अभ्यासकाने १९४० च्या दशकात या सर्व ग्रंथांचा कसून अभ्यास केला. हे ग्रंथ एका माणसाचे नसून ते अनेकांनी पिढ्यानपिढ्या लिहिले असावेत, असे त्यांचे मत झाले. आज बरेच अभ्यासक तसेच मानतात.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात 'गेबर' या नावाने काही लॅटिन ग्रंथ फिरू लागले. गेबर हे जाबिर या नावाचेच लॅटिन रूप. पण हे ग्रंथ अरबीतून आलेले नव्हते. ते युरोपातच कोणीतरी लिहिले होते आणि मान मिळावा म्हणून त्यांवर जाबिर यांचे नाव घातले होते. नायट्रिक आम्लाची कृती याच लॅटिन ग्रंथांत येते. 'जाबिर यांनी नायट्रिक आम्ल शोधले' असे वाक्य तुम्ही पुष्कळ पुस्तकांत वाचाल. पण तसे म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा नाही.

हे वाचून तुमच्यापैकी काहींना वाईट वाटेल. कोणी म्हणेल, आमच्या मोठ्या माणसाचे श्रेय काढून घेतले जात आहे. पण नीट विचार करा. जे श्रेय पुराव्यावर उभे नाही, ते किती दिवस टिकेल? उद्या कोणीतरी ते खोटे ठरवील आणि मग ऐकणारा म्हणेल, 'एक गोष्ट खोटी निघाली, तर बाकीच्याही तशाच असतील.' उसने दागिने घालून मिरवणाऱ्याच्या अंगावरचा स्वतःचा दागिनाही लोकांना उसनाच वाटतो. उलट, ज्या पुस्तकांत ग्रीकांनंतर एकदम बॉईल येतात आणि मधली हजार वर्षे कोरी सोडलेली असतात, ती पुस्तकेही खोटेपणाच करतात. आपल्याला हे दोन्ही खोटेपणे नकोत.

शिवाय, जाबिर यांच्या नावाचे ग्रंथ एकाने लिहिले असोत की दहांनी, ते अरबीत लिहिले गेले, त्यांतल्या कृती लोकांनी केल्या आणि त्यांतून एक कामाची रीत तयार झाली. तापवणे, गाळणे, अर्क काढणे, विरघळवणे आणि पुन्हा घट्ट करणे या प्रयोगशाळेतल्या क्रिया तेथे नीट मांडल्या गेल्या. नाव कोणाचेही असो, काम खरे आहे.

मग शास्त्र तेथेच पूर्ण झाले, असे का म्हणू नये? दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे लपवाछपवी. जाबिर यांच्या ग्रंथांत एकच कृती मुद्दाम निरनिराळ्या ग्रंथांत तुकडे करून विखुरलेली असते, म्हणजे अनधिकारी माणसाच्या हाती ती पूर्ण लागू नये. जे उघडपणे सांगितले जात नाही, ते दुसऱ्याला तपासता येत नाही. दुसरे कारण 'मीझान' या शब्दात दडले आहे. तुम्हांला माहीत आहे, मीझान म्हणजे तराजू. जाबिर यांच्या ग्रंथांत 'इल्म-ए-मीझान' ही मोठी विद्या मानली आहे. प्रत्येक पदार्थात गुणांचे प्रमाण ठरलेले असते, हा विचार त्यामागे होता. विचार सुंदर होता. पण ते प्रमाण काढण्यासाठी पदार्थाच्या अरबी नावातली अक्षरे मोजत. पदार्थ तराजूत घालून त्यावरून हिशेब मांडण्याचे काम पुढे व्हायचे होते.

त्याच काळातले सगळे लोक किमयेवर विश्वास ठेवत होते, असेही नाही. थोर हकीम इब्न सिना यांनी अकराव्या शतकात स्पष्ट लिहिले, की किमयागार धातूचा रंग बदलू शकतात, पण तांब्याचे खरे सोने करू शकत नाहीत. एका मोठ्या परंपरेतच तिला प्रश्न विचारणारा माणूस होता, ही त्या परंपरेची शान आहे.

बॉईल यांचे काम थोडक्यात सांगता येईल. १६६१ साली त्यांनी 'द स्केप्टिकल किमिस्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सर्व पदार्थ पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांचे बनतात, ही जुनी समजूत. मीठ, गंधक आणि पारा यांचे बनतात, ही दुसरी समजूत. बॉईल यांनी दोन्हींकडे पुरावा मागितला. आपले प्रयोग त्यांनी सविस्तर छापले. फसलेल्या प्रयोगांविषयीही लिहिले. दुसऱ्याने करून पाहावे आणि चूक दाखवावी, ही शिस्त त्यांनी रुजवली. मात्र मूलद्रव्ये कोणती, हे त्यांना सांगता आले नाही. सोने तयार करता येईल, अशी त्यांचीही श्रद्धा होती. इंग्लंडमध्ये सोने बनवण्यास १४०४ सालापासून कायद्याने मनाई होती. तो कायदा १६८९ साली रद्द झाला. तो रद्द व्हावा म्हणून बॉईल यांनीच खटपट केली होती!

आता अठराव्या शतकात चला. श्रेयाचा खरा कस लागतो तो ऑक्सिजनच्या गोष्टीत. त्या काळी असे मानत, की पदार्थ जळतो तेव्हा त्यातून 'फ्लॉजिस्टन' नावाचा काहीतरी अंश बाहेर पडतो. लाकूड जळून राख हलकी होते, त्यावरून हे खरेही वाटे. पण धातू तापवून त्याचे भस्म केले, तर ते मूळ धातूपेक्षा जड भरते. काहीतरी बाहेर गेले आणि वजन वाढले, हे कसे?

स्वीडनमध्ये कार्ल शेले नावाचे एक गरीब औषधविक्रेते होते. त्यांनी १७७२ च्या सुमारास असा एक वायू मिळवला, की ज्यात मेणबत्ती झगझगीत जळते. पण त्यांचे पुस्तक छापून बाहेर पडायला १७७७ साल उजाडले. दरम्यान इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टले या धर्मोपदेशकाने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या लाल भस्मावर मोठ्या भिंगाने ऊन एकवटले आणि तोच वायू मिळवला. ऑक्टोबर १७७४ मध्ये ते पॅरिसला गेले आणि लाव्हाझिए यांच्या घरी जेवताना त्यांनी ही हकिकत सांगितली. शेले यांनीही सप्टेंबर १७७४ च्या अखेरीस लाव्हाझिए यांना पत्र लिहून आपली कृती कळवली होती.

मग लाव्हाझिए यांनी काय केले? त्यांनी पारा हवेच्या ठरावीक साठ्यात सतत बारा दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भस्म जमले आणि ५० घन इंच हवेतली सात-आठ घन इंच हवा नाहीशी झाली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे. मग ते लाल भस्म वेगळे काढून त्यांनी जास्त तापवले. त्यातून पुन्हा पारा मिळाला आणि सात-आठ घन इंच वायूही परत मिळाला. तो उरलेल्या हवेत मिसळताच पुन्हा साधी हवा तयार झाली! हिशेब जुळला. जळताना पदार्थातून काही जात नाही, तर हवेतला एक भाग पदार्थाला येऊन मिळतो. म्हणूनच भस्म जड भरते. फ्लॉजिस्टनची गरजच उरली नाही.

सांगा पाहू, ऑक्सिजनचे श्रेय कोणाचे? सर्वांत आधी पाहिला शेले यांनी. सर्वांत आधी जगाला सांगितला प्रीस्टले यांनी. तो काय आहे, हे ओळखले लाव्हाझिए यांनी. प्रीस्टले तर १८०४ साली मरेपर्यंत फ्लॉजिस्टनच खरे मानत राहिले. म्हणून या एका वायूच्या श्रेयाचेही तीन भाग करावे लागतात. आधी पाहणे, आधी सांगणे आणि आधी समजणे.

लाव्हाझिए यांनी तराजूला रसायनशास्त्रात न्यायाधीशाची जागा दिली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर पदार्थांचे एकूण वजन सारखेच असले पाहिजे, हा नियम त्यांनी हिशेबासारखा वापरला. त्यांच्याआधी स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनीही तराजूचा फार सुंदर उपयोग केला होता. पण त्यावर सगळ्या शास्त्राची उभारणी केली ती लाव्हाझिए यांनी. दुसरे काम भाषेचे. त्या काळी पदार्थांची नावे 'जस्ताची फुले', 'आर्सेनिकचे लोणी' अशी होती. नावावरून वाटे फुले आणि लोणी, प्रत्यक्षात एक भस्म आणि दुसरे विष! १७८७ साली लाव्हाझिए यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर नवी नावे तयार केली. पदार्थ कशाचा बनला आहे, हे नावातच कळू लागले. 'झिंक ऑक्साइड' म्हणजे जस्त आणि ऑक्सिजन. तुम्ही विज्ञानाच्या तासाला जी भाषा बोलता, तिचा पाया तेव्हा घातला गेला. १७८९ साली त्यांचे मोठे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात त्यांनी ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. ज्याचे आणखी तुकडे आज करता येत नाहीत ते मूलद्रव्य, उद्या करता आले तर यादी बदलू, असे त्यांचे साधे धोरण होते. त्या यादीत त्यांनी प्रकाश आणि उष्णताही घातली होती. पुढे ती यादी बदललीच.

हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. त्यांच्या पत्नी मारी-आन यांनी इंग्रजी शिकून इंग्रजी ग्रंथांचे फ्रेंचमध्ये भाषांतर केले आणि १७८९ च्या ग्रंथातली उपकरणांची तेरा चित्रपाने स्वतः काढून दिली. पण ग्रंथाचे लेखक म्हणून नाव एकट्या लाव्हाझिए यांचेच आहे.

लाव्हाझिए यांचे दोषही झाकू नयेत. १७८९ च्या ग्रंथात त्यांनी लिहिले, की हा वायू प्रीस्टले, शेले आणि आपण जवळजवळ एकाच वेळी शोधला. हे खरे नव्हते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे त्यांना वाटे आणि 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थही 'आम्ल घडवणारा' असाच आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८१० साली ते चूक ठरवले. लाव्हाझिए सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या मंडळीतले होते. त्यामुळे राज्यक्रांतीच्या काळात, ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

आता माझे मत सांगतो. प्रयोगशाळेचे, तिच्या उपकरणांचे आणि हाताने करून पाहण्याच्या रीतीचे श्रेय मी जाबिर यांच्या नावाच्या ग्रंथकारांना आणि राझी यांना देईन. उघड तपासाच्या शिस्तीचे श्रेय बॉईल यांना देईन. आणि ज्याला आपण आज शाळेत रसायनशास्त्र म्हणतो, त्या शास्त्राच्या स्थापनेचे श्रेय लाव्हाझिए यांना देईन. कारण हाताची कृती, उघड तपास, वजनाचा हिशेब आणि स्वच्छ भाषा या चारही गोष्टी पहिल्यांदा त्यांच्याकडे एकत्र आल्या. डाल्टन यांचा १८०८ सालचा अणुसिद्धांत आणि मेंडेलीव्ह यांची १८६९ सालची आवर्तसारणी याच पायावर उभी राहिली.

कोणी म्हणेल, 'पण जाबिर हजार वर्षे आधीचे!' आधी असणे ही मोठीच गोष्ट आहे, पण आधी असणे आणि स्थापना करणे एक नव्हे. कोणी म्हणेल, 'लाव्हाझिए यांनी दुसऱ्यांचे श्रेय घेतले. त्यांना मान कशाला?' त्यांच्या वागण्याला नावे ठेवा. मीही ठेवतो. पण माणूस किती भला होता, यावर शोधाचे श्रेय ठरत नाही.

आणि हे श्रेय एका देशाचे नाही, हेही ध्यानात ठेवा. १८६९ च्या सुमारास आदोल्फ व्युर्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने लिहिले, की रसायनशास्त्र हे फ्रेंच शास्त्र आहे आणि लाव्हाझिए हे त्याचे संस्थापक आहेत. जर्मन शास्त्रज्ञ चिडले आणि मोठा वाद झाला. वाक्याचा दुसरा भाग मला मान्य आहे, पहिला मुळीच नाही. ज्या वायूवर लाव्हाझिए यांचे सारे काम उभे राहिले, तो एका स्वीडिश औषधविक्रेत्याने आणि एका इंग्रज धर्मोपदेशकाने मिळवला होता. ज्या भांड्यांतून अर्क निघत, त्यांची नावे अरबीतून आली होती. शास्त्र फ्रेंच नाही, अरबी नाही आणि हिंदूही नाही. काम करणारी माणसे मात्र फ्रेंच, अरब, इराणी, हिंदुस्थानी अशी होती आणि त्यांची नावे घेतलीच पाहिजेत.

मित्रांनो, हा प्रश्न केवळ प्रश्नमंजुषेपुरता नाही. तुम्ही उर्दूत शिकता, मराठी वाचता, पुढे इंग्रजी ग्रंथही वाचाल. एका ठिकाणी तुम्हांला सांगतील, सर्व काही आपल्या पूर्वजांनीच शोधले. दुसऱ्या ठिकाणी सांगतील, तुमच्या पूर्वजांनी काहीच केले नाही. दोन्ही वेळा तुम्ही शांतपणे एकच प्रश्न विचारा, 'श्रेय कशाचे आणि पुरावा काय?' इब्न नदीम यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्याला न पटणारी शंकाही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. आपण तेवढे तरी करूच शकतो.

आणखी एक सांगतो. कीमियावरची कितीतरी अरबी हस्तलिखिते आजही ग्रंथालयांत न छापलेली पडून आहेत. ज्याला नुसते रसायनशास्त्र येते, त्याला ती वाचता येत नाहीत. ज्याला नुसती अरबी येते, त्याला त्यांतली कृती उमगत नाही. दोन्ही येणारी माणसे फार थोडी आहेत. तुम्हांला ती लिपी ओळखीची आहे. अरबी भाषा आणि रसायनशास्त्र मेहनतीने शिकता येईल. तुमच्यापैकी एखाद्याने जरी हे काम हाती घेतले, तरी जाबिर यांच्या नावाने घोषणा देणाऱ्या शंभर जणांपेक्षा तो त्यांचा अधिक मान राखील.

स्वाध्याय

१. जावरचे कारागीर जस्त कसे मिळवत?
२. ऑक्सिजनच्या श्रेयाचे तीन भाग लेखकाने कोणते सांगितले आहेत?
३. 'मीझान' आणि लाव्हाझिए यांचा तराजू यांत काय फरक आहे?
४. लेखकाचे मत तुम्हांला पटते काय? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, पदार्थांची नावे सांगणारे पाच शब्द शोधून लिहा.